दादासाठी प्रार्थना हवी आहे (बडोदा) – दारू आणि एकटेपणा

धाकटी_मांजलपूर

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दादासाठी प्रार्थना हवी आहे. ४७ वर्षांचा आहे, फतेगंजला आमच्या जुन्या घरात एकटा राहतो. आईला जाऊन अडीच वर्षं झाली, वहिनी भाचीला घेऊन नगरला माहेरी गेली त्याला दीड वर्ष, आणि मी तिला दोष देणार नाही, बारा वर्षं काढली तिने. दादा मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, फिटर आहे, कामावर जातो, म्हणजे जातो तेव्हा जातो. पितो मात्र रोज. गुजरातमध्ये मिळते कशी असं प्लीज विचारू नका, आमच्याकडे दुधाची पिशवी उशिरा येते पण ती दारूची पोटली वेळेवर येते.

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची वही असते, त्यात नाव आणि विषय लिहायचा. मी गेलं वर्षभर 'भावाच्या तब्येतीसाठी' एवढंच लिहितेय. मागच्या रविवारी पास्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर प्रार्थना केली की आपल्या भगिनीच्या भावाला शुगरचा त्रास आहे, प्रभू त्याची शुगर आटोक्यात आण. आणि मी डोळे मिटून आमेन म्हटलं. शुगर! घरी येऊन कणीक मळता मळता इतकी रडले की मुलगा विचारायला लागला काय झालं.

काल डबा घेऊन गेले होते. टीव्ही फुल आवाजात चालू, बघायला कोणी नाही, हा खुर्चीत झोपलेला. आईचं बायबल टीपॉयवर होतं आणि त्यावर स्टीलचा ग्लास. उचलला तर कव्हरवर गोल डाग, एक नाही, एकात एक असे चारपाच. मी म्हटलं दादा हे काय, तर म्हणतो टीपॉय डगमगतो ने, पुस्तकावर बराबर राहतो. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, टीव्ही बंद नको करू, घर वाजतं. घर वाजतं म्हणजे काय ते मला रिक्षात बसल्यावर कळलं.

त्याचं नाव देत नाही, प्रभूला माहीत आहे. एवढीच विनंती.

सुवार्ता_ताई

आमेन. आजपासून रोज सकाळी घेते त्याला प्रार्थनेत. ताई तू पण जेव.

कोपरगावकर

पाठीशी आहोत.

प्रार्थनायोद्धा_७

प्रभूची स्तुती असो. भगिनी, हे आजारपण नाही, हे बंधन आहे, दारूचा आत्मा आहे तो. २१ दिवस उपास-प्रार्थना करा, घरातल्या सगळ्या बाटल्या आजच फेका, भावाला सांगा आज या क्षणापासून बंद म्हणजे बंद, प्रभूवर पूर्ण विश्वास ठेवा. डॉक्टर गोळ्या वगैरे म्हणजे अर्धा विश्वास. माझ्या ओळखीत एकाची एका रात्रीत सुटली आहे.

नर्स_मावशी

वरचा प्रतिसाद वाचून चहा तसाच टाकून लिहायला बसले. प्रार्थनेला माझं आमेन आहे, पण 'आजच्या आज बंद' हे कृपा करून करू नका. मी ३१ वर्षं वॉर्डात काढली आहेत. रोज भरपूर पिणारा माणूस एकदम थांबला तर पहिल्या काही तासांतच हात कापायला लागतात, घाम येतो, झोप उडते, इथवर ठीक. पण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जाऊ शकतो, भिंतीवर किडे दिसतात, आपलीच माणसं ओळखत नाही, ताप चढतो. त्यात माणसं दगावतात, मी बघितली आहेत. एकट्या राहणाऱ्याने घरात कोंडून घेऊन हे करणं म्हणजे तर नकोच. डॉक्टर काही दिवस गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात कारण दारूने ते पार संपलेलं असतं. यात अविश्वास कसला आला? शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता ना.

बडोद्यात सयाजी हॉस्पिटलला मानसोपचार ओपीडी आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक हॉस्पिटल आहे. सरकारी आहे म्हणून नाक मुरडू नका.

धाकटी_मांजलपूर

मावशी थँक्यू. योद्धा दादा, तुमचा भाव चांगला आहे हे कळतं मला, पण तो प्रकार आमचा करून झालाय. मागच्या वर्षी एका सभेला नेलं होतं, नाव घेत नाही. दादा यायलाच तयार नव्हता, मीच शपथ घातली. तिथे त्याला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवून मायकवर 'दारूच्या आत्म्या नीघ' असं दहा वेळा, आणि समोर निम्मी आमच्याच गल्लीतली माणसं. तो पडला नाही तर हाताने थोडा ढकलला त्याला, मी बघितलं. घरी येताना एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून तो चर्चच्या रस्त्याने जातच नाही, बस स्टॉपला जायचं असलं तरी मागून फिरून जातो. त्या रात्री दुप्पट प्यायला. तो राग माझ्यावरचाच होता.

आणखी एक विचारते, लाज वाटते पण विचारते. एका नातेवाईकाने पुडी सांगितली आहे, भाजीत डाळीत मिसळून द्यायची, चव लागत नाही, दारू प्यायला की उलट्या होतात आणि माणूस आपोआप सोडतो. आणून ठेवली आहे. अजून दिली नाही.

नर्स_मावशी

देऊ नकोस!! उद्या सकाळी उठून ती टाकून दे बाई.

त्या पुड्यांत बहुतेकदा डायसल्फिराम असतं. औषध खरं आहे, १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये सापडलं, आजही डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, लिव्हर आणि हार्ट तपासून, त्याच्या राजीखुशीने. त्याला माहीतच नसताना तो वरून प्यायला तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, बीपी खाली जातं, आणि हे जिवावर बेततं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. आणि मला सांग, ज्या माणसाचा एकच डबा घरचा येतो, त्या डब्यावरचा विश्वास उडाला तर त्याच्याकडे उरलं काय?

धाकटी_मांजलपूर

टाकली. संडासात टाकून दोनदा पाणी ओतलं.

शंकासुर_इंदूर

मी ख्रिश्चन नाही, खरं तर देवबिव काहीच मानत नाही, घरी गणपती बसतो तो आईसाठी. त्यामुळे बोलू की नको असा विचार करत होतो. ताई, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका, इथे वीस जणांनी आमेन लिहिल्याने फतेगंजमधल्या त्या खुर्चीत झोपलेल्या माणसाला नक्की काय मिळतं? आमच्याकडे इंदूरला माझा मामा असाच गेला. घरात आरत्या चालू होत्या, मामा वरच्या खोलीत. सगळे त्याच्यासाठी काहीतरी करत होते आणि त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं.

कोपरगावकर

इथे प्रार्थनेचा विषय आहे, वाद नको.

फतेगंजकर_जुना

वाद नाही हो, शंकासुरांनी नेमकं बोट ठेवलंय. मी उत्तर देतो, लांबेल, माझी सवय आहे.

मी पिणारा माणूस. आज पीत नाही, सोळा वर्षं झाली, उद्याचं माहीत नाही. मी पण फतेगंजचाच, ताई तुमचं घर कुठलं ते मला कदाचित कळेल पण मी विचारणार नाही.

बाहेरगावच्यांना एक समजत नाही. गुजरात राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, इथे दारूबंदी आहे. चाळिशीच्या वरच्याला डॉक्टरच्या कागदावर हेल्थ परमिट मिळतं, असे थोडे अपवाद सोडले तर पिणं हाच गुन्हा. म्हणजे कागदावर इथे कोणी पीत नाही. आणि चर्चमध्येही कागदावर कोणी पीत नाही. मुंबईचा बेवडा निदान गुत्त्यात चार जणांबरोबर बसतो, भांडतो, गातो. इथला पिणारा संडासाची कडी लावून पितो, रिकामी पोटली दुसऱ्याच्या कचऱ्यात टाकतो, वेलची चघळतो, पोलीस दिसला की रस्ता बदलतो, पास्टर दिसला की पण बदलतो. पाचदहा वर्षं असं केलं की माणूस एकटा राहायला शिकतो आणि मग एकटेपणासाठी पितो. आधी कुठलं ते मला विचाराल तर मला नाही सांगता येणार.

माझ्यासाठी पण वहीत नाव होतं. माझी बायको 'पोटाच्या विकारासाठी' लिहायची. (शुगर वाचून हसलो, माफ करा ताई.) त्या प्रार्थना वाया गेल्या असं मी म्हणणार नाही, पण मला त्यांचा पत्ताच नव्हता. मला पत्ता लागला तो एका म्हाताऱ्या गुजराती कंपाउंडरमुळे. आमच्याच मंडळीतला. एक दिवस संध्याकाळी आला आणि ओटल्यावर बसला. साडेआठला. मी आत पीत होतो. म्हणाला, अंदर आवुं? मी म्हटलं नको. म्हणाला, तो अहीं बेसुं छुं, म्हणजे मग इथेच बसतो. अर्धा तास बसला, जाताना प्रभूची प्रार्थना म्हटली आणि गेला. दुसऱ्या दिवशी परत साडेआठला. साडेआठ का, तर ती माझी वेळ होती, हे त्याला माझ्या बायकोने सांगितलं होतं.

चार महिने आला. पिऊ नको असं एकदाही म्हणाला नाही. एकदा मी त्याच्या धोतरावर ओकलो. दुसऱ्या दिवशी पँट घालून आला. हळूहळू मी पण ओटल्यावर येऊन बसायला लागलो. तो 'ओ आकाशमांना अमारा बाप' म्हणायचा आणि मी आमचं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', दोघं एकाच वेळी. त्याचं नेहमी आधी संपायचं. मग तो हात जोडून माझं संपेपर्यंत थांबायचा, कारण माझी जीभ जड असायची आणि मला वेळ लागायचा. शंकासुर भाऊ, मला काय मिळालं विचाराल तर ते थांबणं मिळालं.

त्यानेच मला हॉस्पिटलला नेलं आणि नंतर एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, मीटिंगला. आणि हो, पहिल्या वर्षात मी दोनदा घसरलो.

शंकासुर_इंदूर

वाचलं. दोनदा वाचलं. तो धोतराचा भाग बायकोला वाचून दाखवला.

वसईवाला

आम्ही वसईचे कॅथलिक, इथे बघून बरं वाटलं. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या उपासनेत, ताईच्या दादासाठी मनात नियत ठेवीन. आमच्यात संत मोनिका आहे, ऑगस्टीनची आई, पोरासाठी वर्षानुवर्षं रडली, आणि तो पुढे बिशप झाला. पण मला जास्त जवळचा वाटतो तो डब्लिनचा मॅट टॅल्बट. गोदीत हमाली करणारा माणूस, बाराव्या वर्षी प्यायला लागला. १८८४ साली २८ वर्षांचा असताना एक दिवस खिशात पैसा नव्हता, गुत्त्याबाहेर उभा राहिला, एकाही मित्राने आत नेलं नाही. त्या रात्री घरी येऊन आईला म्हणाला शपथ घेतो. पण गंमत बघा, शपथ घेतली ती फक्त तीन महिन्यांची! जन्मभराची घ्यायची हिंमतच नव्हती. मग वाढवली. १९२५ ला गेला तोपर्यंत परत प्यायला नाही. अजून संत घोषित नाही, पूज्य म्हणतात. आमचे फादर म्हणतात जन्माची वचनं देवापुढे द्यायची नाहीत, सकाळची द्यायची.

सुवार्ता_ताई

फतेगंजकर काका, मग आम्ही जे लांबून प्रार्थना करणारे आहोत, मी तर अमेरिकेत आहे मुलाकडे, आम्ही काय करायचं? ओटल्यावर तर येता येत नाही.

फतेगंजकर_जुना

करा ने. जरूर करा, पण वेळ धरून करा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात त्या पक्षघात्याला चौघं जण खाटेवर घालून आणतात, दारातून जाता येत नाही म्हणून छप्पर उकलतात. तिथे येशूने 'त्यांचा' विश्वास बघितला असं लिहिलंय. नुसता खाटेवरच्याचा नाही! तो बिचारा काही बोलतही नाही. पण चौघांपैकी प्रत्येकाच्या हातात एकेक कोपरा होता. तसा एक कोपरा घ्या. ताईंना विचारा दादाची वेळ कुठली, आणि त्या वेळी पाच मिनिटं द्या. अमेरिकेत तेव्हा सकाळ असेल, चहा पीत पीत करा.

शब्द कसे, असं कोणी विचारलं तर मी इतकंच म्हणतो: प्रभू, आज रात्रीपुरतं. त्याचा हात तू धर, माझा पण धर, दोघांचेही कापतायत. त्याला झोप दे. सकाळी त्याला स्वतःची लाज वाटेल, तेव्हा तू तिथे अस. आमेन.

आणि कोणाला एकटेपणाने काही सुचत नसेल तर बायबलमधलं ८८ वं स्तोत्र काढा. बाकीची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वर येतात, हे येत नाही, अंधारावरच संपतं. मला पिण्याच्या दिवसांत तेवढंच खरं वाटायचं. कोणीतरी असंही बोललंय आणि ते कोणी खोडून टाकलं नाही.

रात्रपाळी

मी जळगावचा, बडोद्यात पीजीमध्ये राहतो, २९ वय. चर्चला लहानपणी जायचो. मी पण पितो. कोणाला माहीत नाही, घरी तर नाहीच. आत्ता पिऊनच वाचतोय हा धागा. रूम पार्टनर गावी गेलाय चार दिवस झाले मी ऑफिस सोडून कोणाशी बोललो नाही, म्हणजे भाजीवाल्याशी बोललो. काय लिहायचं होतं ते विसरलो. सॉरी.

फतेगंजकर_जुना

सॉरी कसलं. आत्ता जेवलास का?

रात्रपाळी

नाही

फतेगंजकर_जुना

घरात काय आहे?

रात्रपाळी

अंडी आहेत. पाव आहे बहुतेक कालचा

फतेगंजकर_जुना

दोन अंडी उकड. गॅस लावून तिथेच उभा राहा, पलंगावर येऊ नको. मी जागा आहे, इथेच आहे. उकडेपर्यंत एलीयाची गोष्ट सांगतो, बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातली. एवढा मोठा संदेष्टा, रानात रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला प्रभू पुरे झालं, मला मरू दे. देवाने प्रवचन नाही दिलं. दूत पाठवला, दूताने हात लावला आणि म्हणाला ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खाऊन परत झोपला. दूत परत आला, परत म्हणाला ऊठ खा. मग बाकीचं. पहिलं जेवण, मग झोप, मग परत जेवण. पाणी पण पी.

नर्स_मावशी

बाळा, मी पण आहे. मरायचे विचार येत असतील तर लगेच १४४१६ लाव, टेलिमानस आहे, फुकट, कुठल्याही वेळी, मराठीत पण बोलतात. व्यसनासाठी वेगळी सरकारी लाइन १४४४६. खरं सांग, येतायत का?

रात्रपाळी

तसे नाही. नुसतं कोणी नाही असं वाटतं. नंबर सेव्ह केले. अंडी झाली. एक फुटलं पाण्यात

फतेगंजकर_जुना

फुटलेलं पण खा. मीठ टाक. उद्या संध्याकाळी सातला इथे येऊन लिही काय जेवलास ते. एवढंच.

प्रार्थनायोद्धा_७

मी आधी जे लिहिलं त्यात डॉक्टरबद्दलचं मागे घेतो. बाकी आत्म्याचं बंधन असतं हे मी मानतो, ते मागे घेत नाही. पण ताईच्या भावाला मायकवर जे झालं ते चूक झालं. रात्रपाळी भाऊ, तुझ्यासाठी पण करतोय.

धाकटी_मांजलपूर

दोन आठवड्यांनी लिहितेय. काय काय झालं ते सांगते.

फतेगंजकर काकांचं वाचून मी दादाला डबा देताना प्रार्थना करू का विचारणं बंद केलं. त्याची वेळ साडेनऊची, शिफ्टवरून येऊन आंघोळ झाली की. रोज साडेनऊला फोन करायला लागले. पहिले तीन दिवस उचलला नाही. चौथ्या दिवशी उचलून म्हणाला काय काम आहे. मी म्हटलं काही नाही, कुकर लावलाय तीन शिट्ट्या होईपर्यंत बोलते. तो शिट्ट्या मोजत बसला! तेव्हापासून कुकर साडेनऊलाच लावते, भात उशिरा होतो म्हणून घरात सगळे कुरकुरतात.

मग गुरुवारी पगार झाला नव्हता की काय, त्याच्याकडे संपली, आणि शुक्रवारी सकाळी हात इतके कापायला लागले की शर्टाची बटणं लागेनात. त्याने स्वतः फोन केला. मावशींचं वाचलेलं होतं म्हणून घाबरले पण नेमकं काय करायचं ते माहीत होतं. रिक्षा करून सयाजीला नेलं, नवऱ्याने रजा टाकली. मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, किती पितो, कधीपासून. दादाला भीती होती की पोलिसांना कळवतील, डॉक्टर म्हणाले आम्ही पेशंट बघतो, तुम्ही झोपा. आठ दिवस ठेवलं. दुसऱ्या रात्री त्याला छतावर मगर दिसत होती, विश्वामित्रीला पूर आला होता ने २०२४ ला, तेव्हा सोसायट्यांमधून मगरी निघाल्या होत्या, त्यातली. म्हणत होता आईला वर घे, पाणी चढतंय. मी आईला घेतलं वर असं सांगत होते त्याला रात्रभर. प्रार्थना म्हणून वेगळी काही केलीच नाही त्या रात्री, तेवढंच म्हणत होते, घेतलं, घेतलं.

आता घरी आहे. पास्टरसाहेबांना जाऊन खरं सांगितलं, वहीत पण लिहिलं, 'भावाच्या दारूसाठी'. खाली पुढच्या रविवारी दोन बायकांनी स्वतःच्या मुलांची नावं लिहिली, तोच विषय.

नर्स_मावशी

शाब्बास पोरी. बी-वनच्या गोळ्या चालू ठेव. आणि नातेवाईक कोणी एखादं सेंटर सुचवतील, जिथे दारं लावून ठेवतात, मारतात, तसलं असेल तर पाय ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली अशा जागांना नोंदणी लागते, साखळीने बांधणं तर सरळ बेकायदा आहे. आधी नोंदणीचा कागद मागा.

धाकटी_मांजलपूर

एक अडचण. त्याला चर्चला यायचंय असं वाटतं, बोलला नाही पण शर्ट इस्त्रीला दिलाय. पण म्हणतो प्रभुभोजनाला द्राक्षारस असतो, त्या घोटाचीच भीती वाटते.

वसईवाला

आमच्यात नुसती भाकर घेतली तरी पूर्ण धरतात. फादरना आधी सांगून ठेवायचं म्हणजे झालं.

फतेगंजकर_जुना

मेथॉडिस्ट पंथाच्या चर्चमध्ये तर प्रश्नच नाही, साधा द्राक्षांचा रस असतो, चढणारा नाही. ती पण गंमतच आहे, १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च नावाचा दातांचा डॉक्टर होता, मेथॉडिस्ट, त्याने रस उकळून आंबणं थांबवायची युक्ती केली, खास प्रभुभोजनासाठी. तरी पाळकांना विचारून घ्या, प्रत्येक ठिकाणी सारखं नसतं. आणि पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसू द्या त्याला, दाराजवळ. कोणी साक्ष द्यायला पुढे बोलावू नये हे आधीच सांगून ठेवा!! मायक तर अजिबात नको.

चर्चनंतर एएच्या मीटिंगला यायचं असेल तर मी नेईन. तिथे आडनाव विचारत नाहीत, फी नाही. १९३५ ला दोन पिणाऱ्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केलेली गोष्ट आहे. याकोबाच्या पत्रात आहे ना, एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. मी त्यातल्या 'एकमेकां'वर बोट ठेवतो. ताई, तुमच्यासाठी पण वेगळी मीटिंग असते, घरच्यांची. तुम्ही गेलात तर बरं, तुम्ही पण अडीच वर्षं एकट्याच आहात.

रात्रपाळी

आज सात वाजता: खिचडी, दही, लोणचं. काल प्यायलो, परवा नाही प्यायलो. दादा आले तर मी पण मीटिंगला येऊ का, एकट्याने आत जायला कसंतरी वाटतं.

फतेगंजकर_जुना

ये. मेसेज कर, फाटकाशी उभा राहीन.

शंकासुर_इंदूर

मी रोज साडेनऊला मोबाइलमध्ये अलार्म लावलाय. काय करतो माहीत नाही, प्रार्थना तर नाही म्हणणार. पाच मिनिटं तुमच्या दादाचा विचार करतो आणि नंतर मामाच्या मुलाला फोन करतो.

सुवार्ता_ताई

😊 इथे दुपारचे बारा वाजलेले असतात तेव्हा. मी पण चालू आहे.

धाकटी_मांजलपूर

खोटं नाही सांगणार, मंगळवारी दादा परत प्यायला. नगरहून भाचीचा फोन आला होता, दहावीचा निकाल सांगायला, त्यानंतर. बुधवारी मी गेले तेव्हा दार उघडून स्वतःच म्हणाला काल झालं. आधी कधी असं म्हणाला नव्हता, आधी मी पोटल्या शोधायचे आणि तो नाही म्हणायचा. मीटिंगला गेला पण बुधवारी, काकांबरोबर. टीपॉयच्या पायाखाली पुठ्ठा घातलाय त्याने. बायबल कपाटावर ठेवलंय, वाचत असेल नसेल, विचारलं नाही.

आणि काल रात्री आमच्याकडे पाहुणे होते, गडबडीत माझा साडेनऊचा फोन राहिला. नऊ पस्तीसला त्याचाच आला. म्हणतो, तुमच्याकडे लाइट गेलीय का?

फतेगंजकर_जुना

गेली होती का?

धाकटी_मांजलपूर

नाही हो काका. मी हो म्हटलं.